आधी पाय पाहावा

कोंबडी ही आपल्या खेड्यापाड्यांतील घरांची फार जुनी सोबतीण आहे. गाय किंवा म्हैस आजारी पडली तर सारे घर तिच्याभोवती गोळा होते. जनावरांचा डॉक्टर येतो, शेजारीपाजारी चौकशी करून जातात, रात्री कोणीतरी दिवा घेऊन गोठ्यात एक फेरी मारते. कोंबडीच्या वाट्याला एवढी आस्था येत नाही. ती उकिरडा उकरून आपले पोट आपणच भरते, गाजावाजा न करता अंडी घालते, आणि एखाद्या सकाळी ती पाय ओढीत खुराड्याबाहेर आली, की तिच्याविषयी घरात निघणारा पहिला प्रश्न औषधाचा नसतो, मसाल्याचा असतो.

ह्यात केवळ निर्दयपणा आहे असे आम्ही म्हणणार नाही. लंगडी कोंबडी दाण्यापर्यंत सर्वांच्या शेवटी पोचते, इतर कोंबड्या तिला टोची मारतात, आठपंधरा दिवसांत ती वाळून जाते. तेव्हा अंगावर मांस आहे तोवर तिचा उपयोग करून घ्यावा, हा हिशोब गरिबाच्या घरी शहाणपणाचाच ठरत आला आहे. परंतु हा हिशोब अपुरा आहे. कोंबडीच्या पायाची पुष्कळ दुखणी घरच्या घरी, जवळजवळ बिनखर्चाने बरी होतात; आणि जी बरी होत नाहीत, ती बहुधा साऱ्या खुराड्यावर येऊ पाहणाऱ्या संकटाची पहिली खूण असतात. लंगडी कोंबडी चुलीवर चढली म्हणजे ह्या दोन्ही गोष्टी कळावयाच्या राहून जातात.

आमचे घर खानापूर तालुक्यातील एका वाडीत आहे. घरात आम्ही उभयता, तीन मुले आणि आमच्या वृद्ध आत्याबाई. कोंबड्या आत्याबाईंच्या, कधी बारा, कधी पंधरा. अंड्यांचे पैसे त्या एका पत्र्याच्या डब्यात टाकतात, आणि शाळा सुरू होताना मुलांच्या वह्यांसाठी तो डबा उघडतो. एक कोंबडी कमी झाली तर त्या डब्यात किती कमी पडेल, हे घरातल्या धाकट्या मुलालाही सांगता येते. असे असूनही आत्याबाईंचे मत ठाम होते. त्या म्हणत, "अरे, पाय गेलेली कोंबडी आणि फुटके मडके, दोन्ही सांभाळून काय करायचे?" आम्ही त्यांच्याजवळ एवढीच सवलत मागून घेतली, की सुरी काढण्यापूर्वी एक संध्याकाळ आम्हांला द्यावी; आधी पाय पाहू, मग काय ते ठरवू. गेली कित्येक वर्षे घरात हा नियम चालू आहे. त्या नियमाने आम्हांला जे दाखविले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

पाय पाहण्याची वेळ म्हणजे दिवेलागणीनंतरची. दिवसा कोंबडीच्या मागे धावले तर ती घाबरते, आणि दुखरा पाय अधिकच दुखावतो. अंधार पडल्यावर ती दांडीवर बसली, की हलकेच उचलून जुन्या पंचात गुंडाळावी; डोके झाकले तर ती निमूटपणे मांडीवर पडून राहते. मग दिव्याच्या उजेडात दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून पाहावेत. एका पायाची तुलना दुसऱ्याशी करणे, हे ह्या परीक्षेतील अर्धे ज्ञान होय. कोणता पाय गरम लागतो? कोठे सूज आहे? तळव्यावर काळी खपली आहे काय? बोटांच्या बेचक्यांत काही रुतले आहे काय? नडगीवरचे खवले चपटे बसलेले आहेत की वर उचलले गेले आहेत? येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोंबडीच्या पायात मागच्या बाजूला वळणारा जो सांधा आपण गुडघा समजतो, तो खरे पाहता तिचा घोटा आहे. तिचा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो, आणि चालते ती केवळ बोटांवर. म्हणून पिसांत हात घालून मांडीपर्यंत चाचपल्यावाचून परीक्षा पुरी झाली असे समजू नये. अंड्यावर आलेली कोंबडी एकाएकी पाय फाकवून बसली असेल, तर पोटाखालीही हात लावून पाहावा. अंडे अडकले असल्यासही ती लंगडी भासते.

सर्वांत साधे कारण आधी सांगतो, कारण ते सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते. शिवणकामाचा दोरा, नायलॉनचा धागा, काथ्याची दशी किंवा बायकांचा गळलेला लांब केस कोंबडीच्या बोटांभोवती गुंडाळला जातो. चालता चालता तो आवळत जातो, मांसात रुततो, आणि बोटाचे रक्त तोडतो. वरून पाहणाऱ्यास केवळ सुजलेले, निळसर बोट दिसते. तो दोरा कोमट पाण्यात भिजवून, बारीक टोकाच्या कात्रीने जपून कापून काढला आणि जखमेला आयोडीन लावले, तर कोंबडी चारसहा दिवसांत पूर्ववत चालू लागते. दोरा तसाच राहिला तर बोट काळे पडून गळून जाते. आमच्याकडे एका कबऱ्या कोंबडीच्या पायातून असा पोत्याचा दोरा निघाला. एका दोऱ्यापायी ती त्याच रविवारी ताटात येणार होती.

दुसरे दुखणे तळव्याचे. इंग्रजीत ह्याला 'बंबलफूट' म्हणतात. मराठीत तळव्याचे गळू म्हटले तरी चालेल. कोंबडीच्या तळव्याला बारीक चीर पडते, तीतून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचे, आणि आत पू साकळतो. पक्ष्याचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ नसतो. तो घट्ट, पनीरासारखा होतो, म्हणून नुसते दाबून बाहेर येत नाही. बाहेरून तळवा फुगलेला दिसतो, आणि मधोमध काळी गोल खपली असते.

आमच्या तांबडीला हे झाले, तेव्हा ती दांडीवरून सकाळी उडी मारताना एक क्षण थांबते, एवढेच प्रथम दिसले. तळवा पाहिला तर हरभऱ्याएवढी काळी खपली. आम्ही लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम मीठ घालून तिचा पाय रोज दहापंधरा मिनिटे भिजवीत होतो. भिजल्यानंतर पुसून कोरडा करायचा, पोव्हिडोन आयोडीन लावायचे, वर स्वच्छ कापसाची घडी ठेवून बोटांच्या मधून पट्टी घ्यायची. पट्टी फार आवळू नये. बोटे गार पडली तर ती सैल करावी. चौथ्या दिवशी खपली आपोआप सुटली आणि तिच्याबरोबर आतली गाठही आली. ती जखम भरेपर्यंत तांबडीला कोरड्या भाताच्या तुसावर, एकटीला डालग्याखाली ठेविले. तीन आठवड्यांनी ती इतरांत मिसळली. गळू मोठे असेल, सूज नडगीपर्यंत चढली असेल किंवा सांधा सुजला असेल, तर मात्र घरी ब्लेड हातात घेऊ नये. ते काम पशुवैद्याचे आहे. त्याचप्रमाणे हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरू शकतात. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवावी, आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत.

तांबडी बरी झाली, परंतु तेवढ्यावर थांबून चालले नसते. चीर पडली कशाने? खुराड्यातील दांडी पुरुषभर उंचीवर होती आणि खाली जांभ्या दगडाची खडबडीत फरशी. तांबडी ही गिरिराज जातीची, अंगाने जड. बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली ही जात किंवा हैदराबादेत तयार झालेली वनराज ही जात परसातल्या पालनासाठी उत्तम; पण हलक्या देशी कोंबडीला जी उडी सोसते, ती अशा जड पाखराच्या तळव्यास रोज सोसत नाही. आम्ही दांडी दीड हातावर आणली, तिच्या कडा तासून गोल केल्या, आणि खाली चार बोटे जाडीचा तुसाचा थर घातला. त्यानंतर ह्या दुखण्याने आमच्याकडे पुन्हा डोके वर काढलेले नाही. ह्या एका अनुभवाने आत्याबाईंचे मन थोडे वळले. कोंबडीचा पाय बहुधा खुराड्याचीच तक्रार सांगत असतो, हे त्यांनी आमच्या आधी ओळखले.

तिसरे दुखणे नडगीवरच्या खरजेचे. एक अतिसूक्ष्म किडा खवल्यांखाली शिरून तेथेच पोसतो, तेथेच वाढतो. खवले वर उचलले जातात, त्यांखाली पांढरट चुन्यासारखी पुटे चढतात, आणि पाय जाड, ओबडधोबड दिसू लागतो. म्हाताऱ्या कोंबड्यांना आणि पायांवर पिसे असलेल्या जातींना हे विशेष होते. पुष्कळ लोक "वय झाले" म्हणून सोडून देतात. ते वय नव्हे, ती खरूज होय, आणि ती एकीकडून दुसरीकडे जाते.

ह्यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे रॉकेलात किंवा डिझेलात पाय बुडविणे. किडा त्याने मरतो हे खरे, परंतु कातडी भाजते, आणि पाखरू स्वतःला चोचीने साफ करीत असल्यामुळे ते विष पोटातही जाते. त्यापेक्षा सौम्य आणि तितकाच खात्रीचा उपाय घरात असतो. साबणाच्या कोमट पाण्यात पाय भिजवून मऊ ब्रशाने सैल झालेली पुटे तेवढी काढावीत; घट्ट बसलेले खवले ओढू नयेत, रक्त येते. पाय कोरडा झाल्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन खवल्यांच्या फटींतून जाईल असे चोळावे. तेलाच्या थराखाली किड्याला हवा मिळत नाही, आणि तो गुदमरून मरतो. पहिले काही दिवस रोज, नंतर आठवड्यातून एकदोनदा, असे दीडदोन महिने करावे. मध्येच सोडले तर उरलेल्या किड्यांपासून पुन्हा सुरुवात होते. एकाच कोंबडीला दिसले तरी तेल सर्वांच्या पायांना लावावे, आणि दांड्या घासून उन्हात टाकाव्यात. आमच्या म्हाताऱ्या कोंबड्याला हे औषध धाकट्या मुलाने केले. नवे, गुळगुळीत खवले यावयास कित्येक महिने लागले, पण तो पायांवर ताठ उभा राहून आरवू लागला तो दुसऱ्याच महिन्यात.

आता पिल्लांकडे वळू. पिल्लांच्या पायांत वेळेला फार महत्त्व आहे. मोठ्या कोंबडीला आठवड्याची सवड असते, पिल्लाला एक-दोन दिवसांची. अंड्यातून निघालेले पिल्लू गुळगुळीत कागदावर किंवा फरशीवर ठेविले, तर त्याचे पाय दोन्ही बाजूंना घसरून फाकतात. अशा वेळी कापडाच्या मऊ पट्टीने किंवा चिकटपट्टीने दोन्ही पाय स्वाभाविक अंतरावर एकमेकांशी बांधावेत, म्हणजे ते खाली उभे राहू शकतील, आणि अंथरूण म्हणून गोणपाट घालावे. पहिल्या दोन दिवसांत हे केले तर तीनचार दिवसांत पाय जागेवर येतात. आठवडा उलटला तर बहुधा येत नाहीत.

दुसरा प्रकार बोटे आत मुडपण्याचा. दोनतीन आठवड्यांचे पिल्लू मूठ मिटल्याप्रमाणे बोटे वळवून घोट्यांवर रांगू लागते. हा ब-२ जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा अभाव. नुसत्या कण्यांवर वाढलेल्या पिल्लांत तो दिसतो. पशुवैद्याकडून त्या जीवनसत्त्वाचे औषध आणून पाण्यातून द्यावे, आणि पिल्लांच्या खाण्यात हिरवा पाला व थोडे ताक असू द्यावे. दुधाताकात हे जीवनसत्त्व चांगले असते. सुरुवातीला दिले तर बोटे उलगडतात. शिरा कायमच्या बिघडल्यानंतर औषधाचा उपयोग होत नाही.

तिसरा प्रकार घोट्यावरची शीर बाजूला सरकण्याचा. सांधा सुजून चपटा दिसतो आणि पाय बाहेर किंवा आत पिळवटतो. १९३६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की खाण्यात मँगनीज हे खनिज कमी पडले तर हा रोग होतो. मक्यात ते फार थोडे असते. भाताच्या व गव्हाच्या कोंड्यात भरपूर असते. बेळगाव भागात मका मुबलक, म्हणून पिल्लांनाही तोच भरडून घालण्याची रीत आहे. त्यात मूठभर कोंडा मिसळला तर खर्च काहीच वाढत नाही. सरकलेली शीर पुन्हा जागेवर बसविणे कठीण. कोंडा मिसळणे सोपे.

अंडी घालणाऱ्या कोंबडीचा पाय चुन्याच्या अभावानेही जातो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते खाण्यातून मिळाले नाही तर कोंबडी आपल्याच हाडांतून काढून कवचाला देते. अंडी चालू राहतात, घरधनीण समाधानी असते, आणि कोंबडी आतून पोखरत जाते. शेवटी एके दिवशी तिला उठवत नाही. कवच पातळ होऊ लागले की समजावे. गोव्याकडील घरांत तिसऱ्यांची टरफले फुकट जातात. ती भाजून, कुटून एका वाडग्यात ठेविली तर कोंबड्या गरजेपुरती खातात. आमच्यासारख्या समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी अंड्यांची टरफले भाजून बारीक चुरावीत. मात्र हा चुरा लहान पिल्लांना मुद्दाम घालू नये. फार चुन्याने त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. आणि चुना अंगी लागावा म्हणून ऊन पाहिजे. पावसाळ्यात आठ आठ दिवस अंधाऱ्या खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्यांना उघाड पडताच बाहेर सोडावे.

इथवर जे सांगितले ते आशेचे झाले. आता ज्या पायाला औषध नाही, त्याविषयी बोलणे प्राप्त आहे.

एका वर्षी आठवड्याच्या बाजारातून आम्ही तीन तलंगा आणल्या. तिन्ही देखण्या. चारपाच महिन्यांच्या झाल्या, अंड्यावर येण्याच्या बेतात होत्या, तोच त्यांपैकी एक लंगडू लागली. सूज नाही, जखम नाही, तळवा स्वच्छ, घोटा गार. दोन दिवसांनी ती एक पाय पुढे आणि एक पाय मागे ताणून एका कुशीवर पडली. दाणे समोर ठेविले तर खात होती. डोळे तरतरीत होते. थोरल्या मुलीने तिला स्वतःच्या हाताने चार दिवस पाणी पाजले. पशुवैद्य आले, त्यांनी पाहताक्षणी सांगितले, की हा मॅरेकचा रोग.

१९०७ साली हंगेरीतील योझेफ मॅरेक ह्या पशुवैद्याने हा रोग प्रथम वर्णिला, म्हणून त्याचे नाव त्यास मिळाले. तो विषाणूचा रोग असून, पायांच्या शिरांत गाठी धरतो. विषाणू पिसांच्या कोंड्यातून धुळीत मिसळतो आणि त्या धुळीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. माणसाला तो होत नाही. त्यावर औषध मात्र नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर, पहिल्याच दिवशी टोचावी लागते. म्हणून पिल्ले विकत घेताना "मॅरेकची लस दिली आहे काय?" असे विचारून घेणे एवढेच आपल्या हाती असते. ही लसही विषाणूला खुराड्याबाहेर ठेवीत नाही, केवळ रोग अंगावर येऊ देत नाही.

त्या तलंगेचे पुढे काय करावे, ह्यावर त्या रात्री घरात बोलणे झाले. मुलगी म्हणाली, ती अजून खाते आहे, तिला जगू द्या. आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच मुलीला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "बाळ, दोरा असता तर मी कापला असता. गळू असते तर बांधले असते. आता हिला ठेवणे म्हणजे हिचे हाल बघत बसणे." दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे, जाणत्या हाताने, क्षणभरात, तिला त्या यातनेतून सोडविले. ती कोणी खाल्ली नाही. आवाराच्या टोकाला खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरली. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. आम्ही तिला आग्रहही केला नाही. हातात असलेले सर्व करून पाहिल्यानंतर जो निर्णय घ्यावा लागतो, तो न पाहता घेतलेल्या निर्णयासारखा नसतो; दुःख दोन्हींत असेल, पण पहिल्यात मनाला टोचणी राहत नाही. बाकीच्या दोघींना आम्ही वेगळे ठेविले, खुराड्यातील तूस जाळून टाकले, भिंतींना चुना दिला. त्यांपैकी एक पुढे अंड्यावर आली.

ह्याहून भयंकर म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे व जावा बेटावर १९२६ साली आणि आपल्याकडे कुमाऊँतील राणीखेत येथे १९२७ साली तो ओळखला गेला. त्यातही पाय लुळे पडतात. पण सोबत मान पिळवटते, श्वासात घरघर येते, हिरवट हगवण लागते, आणि एकामागून एक पाखरू पडते. आमच्या वाडीत एका विधवा भगिनीच्या चौदा कोंबड्या ह्या रोगाने आठवड्याच्या आत गेल्या. पहिली कोंबडी पायाने लुळी झाली, तेव्हा तिचे कोणी काही पाहिले नव्हते. ती कापून झाली होती, आणि तिची पिसे व आतडी उकिरड्यावर पडली होती, जेथे बाकीच्या तेरा दिवसभर चरत होत्या. ह्या रोगालाही औषध नाही, परंतु स्वस्त लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचण्याची दुसरी लस. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. चारपाच घरांनी मिळून एक कुपी आणली तर वाया जात नाही.

आणखी एक खूण ध्यानात असू द्यावी. नडग्यांवर लालजांभळे डाग, तुरा निळा-काळा, आणि एकाएकी पुष्कळ पाखरे मेलेली, असे दिसले तर त्यांना हात लावू नये, कापू नये, शेजारी वाटू नये; तत्काळ पशुवैद्याला कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू भारतात प्रथम आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग माणसालाही होऊ शकतो.

औषधांविषयी दोन शब्द. माणसांसाठी आणलेल्या उरल्यासुरल्या गोळ्या कोंबडीला देऊ नयेत. दोऱ्याला, खरजेला, चुन्याच्या अभावाला, विषाणूला प्रतिजैविकांचा काडीचा उपयोग नाही. आणि अशा वापराने जंतू मात्र औषधाला निर्ढावतात. ह्याच भीतीने २०१९ साली भारत सरकारने कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्य-पशुपक्ष्यांना देण्यास बंदी घातली. पशुवैद्याने एखादे औषध दिलेच, तर अंडी किती दिवस खावयाची नाहीत हे विचारून घ्यावे आणि तेवढे दिवस ती टाकून द्यावीत. दवाखाना दूर असेल तर हल्ली पायाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठविता येते. त्यासाठी तरी पाय नीट धुऊन, उजेडात धरून पाहावाच लागतो.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपण छपराची कौले परततो, सरपण आत घेतो, बी-बियाणे पाहून ठेवतो. त्याच दिवसांत एक संध्याकाळ खुराड्यासाठी काढावी. ओले तूस बदलावे, दांडी किती उंच आहे ते मोजावे, अंगणातले दोरे, तारा, काचा वेचाव्यात, आणि घरातील एकेका मुलाच्या मांडीवर एकेक कोंबडी देऊन तिचे दोन्ही तळवे दिव्यापाशी पाहावयास सांगावे. मुलांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते, आणि हे काम त्यांना आवडते. नाताळला किंवा गावच्या फेस्ताला कोंबडी कापावयाची ती अवश्य कापावी. ती निरोगी असावी, आणि आपण ती निवडलेली असावी. लंगडी आहे एवढ्याच कारणाने जी सुरीखाली जाणार असेल, तिच्यासाठी मात्र एक कोमट पाण्याचे घमेले, एक दिवा आणि अर्धा तास, एवढे प्रत्येक घराने राखून ठेवावे, असे आम्हांला मनापासून सुचवावेसे वाटते.